केअरनगॉर्म्समध्ये पाच दिवस: उंची नव्हे, वारा बघून बेत करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याचं कुटुंब मेच्या शेवटच्या आठवड्यात स्कॉटलंडमधल्या केअरनगॉर्म्स डोंगरांच्या पायथ्याशी, एव्हिमोर गावात पाच रात्री राहणार आहे. नवरा-बायको सह्याद्रीत वर्षानुवर्षं भटकलेले, मुलगी दहा वर्षांची, आई-बाबा सत्तरी ओलांडलेले. बाबा मूळचे कोकणातले, गळ टाकून बसायची हौस आहे. "बसच्या काचेतून स्कॉटलंड बघायचं नाही. मोकळ्यावर काय काय करता येईल? आणि केअरनगॉर्म शिखर १२४५ मीटरच आहे, कळसूबाई १६४६. म्हणजे मुलीला घेऊन सहज जमेल ना?"

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्यातला तो 'च' आधी काढायला हवा. मी याच भागात लोकांना डोंगरवाटांवर घेऊन जातो आणि सह्याद्रीतून आलेले पाहुणे सगळ्यात जास्त फसतात ते उंचीच्या आकड्याला. कळसूबाईच्या माथ्यावर मेमध्ये घाम पुसत लिंबू सरबत पिता येतं. केअरनगॉर्म ५७ अंश उत्तरेला आहे. तिथे मेच्या अखेरीस सावलीच्या कड्यांखाली बर्फ असतो आणि कधी कधी नवा बर्फही पडतो. वरचा भाग सुळका नाही, ग्रॅनाइटचं भलंमोठं उघडं पठार आहे. ना झाड, ना आडोसा. ढग खाली उतरला की चारी दिशा सारख्याच करड्या दिसतात आणि पठाराची कड मात्र 'कोरी अन श्नेख्त'सारख्या खोल, वाटीसारख्या दऱ्यांत तुटलेली (अशा दरीला इथे 'कोरी' म्हणतात). त्या कडेवर मेमध्येही बर्फाचे सज्जे पुढे आलेले असू शकतात. वरून जमीन वाटते, खाली हवा असते.

वाऱ्याची गोष्ट तर निराळीच. शिखरावर स्वयंचलित हवामान केंद्र आहे. २० मार्च १९८६ ला तिथे ताशी १७३ मैल, म्हणजे २७८ किलोमीटर वेगाचा झोत नोंदला गेला. तो विक्रम झाला, पण ताशी ४०-५० मैलांचा वारा इथे बातमीसुद्धा होत नाही. नोव्हेंबर १९७१ मध्ये याच पठारावर हिमवादळात अडकून शाळेच्या सहलीतली पाच मुलं आणि त्यांच्यासोबतची तरुण सहाय्यक दगावली. वर एक छोटा निवारा होता, तिथे पोचायचं असा त्यांचा बेत होता, तो सापडला नाही. चौकशीनंतर पठारावरचे असे निवारे काढून टाकले, कारण त्यांच्या भरवशावर लोक नको त्या हवेत वर जात होते. घाबरवायला सांगत नाही. इथल्या डोंगरी शिस्तीतलं बरंच काही त्या घटनेपासून आलं आहे, म्हणून सांगतो.

तेव्हा केअरनगॉर्मचं उत्तर असं: हवा चांगली असेल तर मुलीसकट जमेल, नसेल तर तुम्हा दोघांनाही जमवायची गरज नाही. स्की केंद्राच्या वाहनतळापासून चढ साधारण ६०० मीटरचा आहे आणि वाट बांधीव आहे. डोंगरावर जाणारी रेल्वेही आहे, पण ती गेल्या काही वर्षांत दुरुस्तीपायी लांबलचक काळ बंद राहिली आहे. ती चालू असली तरी वरच्या स्थानकातून बाहेर पडून शिखराकडे मोकळं चालत जाता येईल असं धरून चालू नका. आधी चौकशी करा.

चांगली हवा म्हणजे काय, हे मोबाइलवरच्या सूर्याच्या चित्रावरून ठरत नाही. ते चित्र एव्हिमोर गावाचं असतं आणि गाव वाहनतळाच्याही चारशे मीटर खाली आहे. इथले सगळे चालणारे एमडब्ल्यूआयएस या सेवेचा डोंगरी अंदाज वाचतात. तो फुकट आहे आणि केअरनगॉर्म्सचं स्वतंत्र पान रोज दुपारनंतर येतं. त्यात तीन गोष्टी बघा: माथ्यावरचा वारा, माथा ढगाबाहेर राहण्याची शक्यता आणि ९०० मीटरवरचं तापमान. वारा मैलांत दिलेला असतो. दहा वर्षांच्या मुलीसोबत माझी मर्यादा २५ मैल. त्यापुढे पोर थकतं, चिडतं आणि गारठतं, याच क्रमाने. ३५-४० मैलांना मोठ्या माणसाचाही तोल जातो. त्या दिवशी जंगलात जा.

हे जंगल म्हणजे 'वर जाता आलं नाही म्हणून' करायची गोष्ट अजिबात नाही. माझं स्पष्ट मत आहे की पाच दिवसांच्या पाहुण्याला या भागात जे मिळतं त्यातलं उत्तम ते खालीच मिळतं: रॉथीमर्कस, ग्लेनमोर आणि ॲबरनेथीच्या जुन्या पाइनवनांत. हिमयुगानंतर हा प्रदेश व्यापणाऱ्या वनाचे हे उरलेले तुकडे. लालसर सालीची, वेडीवाकडी, काही तीनशे वर्षांपलीकडची झाडं, खाली हेदर आणि ब्लेबेरीची गुडघाभर दाटी. हेदरचा जांभळा बहर ऑगस्टमधला, तो तुम्हाला दिसणार नाही. मेमध्ये बर्चची कोवळी पालवी असते आणि रात्री पावणेदहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. म्हणजे सकाळी पाऊस असेल तर निवांत नाश्ता करून, जेवून, दुपारी तीनला निघालात तरी पूर्ण दिवस हातात असतो. भारतातून आलेल्यांना हे सांगूनही पटत नाही, पहाटे पाचला बुटांच्या नाड्या बांधून तयार असतात.

आई-बाबांसह सगळ्यांनी मिळून जायची पहिली जागा लॉख अन एलन. एव्हिमोरपासून गाडीने दहा मिनिटं. तळ्याभोवतीची फेरी पाच किलोमीटरच्या आसपास, जवळजवळ सपाट, रुंद पायवाट. गुडघे कुरकुरत असतील तर अर्ध्यातून परत फिरावं, बिघडत काही नाही, कारण बघायचं ते सुरुवातीलाच आहे: तळ्यातल्या बेटावर पडका किल्ला. ऑस्प्रे हा मासेखाऊ शिकारी पक्षी या किल्ल्यावर घरटं करायचा. अंडी चोरणाऱ्यांनी आणि शिकाऱ्यांनी पिच्छा पुरवल्यावर १८९९ नंतर इथलं घरटं संपलं. पुढे ब्रिटनमधून ही जात जवळपास नाहीशीच झाली. १९५४ मध्ये एक जोडी जवळच्या लॉख गार्टनपाशी परतली आणि तिच्या अंड्यांवर चोवीस तास पहारा बसवावा लागला. आज स्कॉटलंडमध्ये ऑस्प्रेच्या शेकडो जोड्या आहेत. लॉख गार्टनला पक्षिसंस्थेचं निरीक्षण केंद्र आहे, पण त्या विशिष्ट घरट्यात दर वर्षी जोडी असतेच असं नाही, जाण्याआधी विचारा. लॉख अन एलनला लाल खारी मात्र बऱ्यापैकी हमखास दिसतात. मुलीला म्हणावं, दहा मिनिटं बडबड बंद.

दुसरी जागा ग्लेनमोर, आणि इथे एक पूर्ण दिवस द्या. लॉख मॉर्लिखच्या काठाला खरीखुरी वाळू आहे, समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरवर, समोर बर्फाचे पट्टे असलेले डोंगर. काठावरच्या जलक्रीडा केंद्रात कनू, कयाक, पॅडलबोर्ड भाड्याने मिळतात. वेटसूट अंगात नसेल तर मुलीला पाण्यात पडायच्या खेळात उतरवू नका. मेमधल्या पाण्याने श्वास अडकतो, चांगल्या पोहणाऱ्याचासुद्धा. उथळ काठाने, जॅकेट घालून कनू वल्हवणं मात्र आजोबा-नातीची जोडीही करू शकते.

तिथेच रेनडिअर केंद्र आहे. मिकेल उत्सी हे स्वीडनमधले सामी पशुपालक इथे आले, हा प्रदेश रेनडिअरच्या सवयीचा वाटला म्हणून त्यांनी १९५२ मध्ये पहिला कळप आणला. आज सुमारे दीडशे जनावरं डोंगरावर मोकळी चरतात. केंद्रातले लोक रोज एका गटाला वर कळपापर्यंत घेऊन जातात. चाल अर्ध्या तासाच्या आत-बाहेर, पण वाट खडबडीत. आजीला काठी लागत असेल तर त्यांनी खाली वाड्यातली जनावरं बघावीत. मेमध्ये नवी वासरं असतात आणि शिंगांवर मखमल चढलेली असते. हात लावायचा नाही, खाऊ मात्र हातावर घेऊन भरवता येतो. हे आधी आरक्षित करा, सुट्ट्यांत जागा राहत नाहीत.

आता तुमच्या ट्रेकची भूक. मुलीसह तुम्हा तिघांसाठी माझी पहिली पसंती केअरनगॉर्म नाही, त्याच्या समोरचा म्याल अ वुअखल हा ८१० मीटरचा डोंगर आहे. ग्लेनमोरहून निघायचं, पाइनवनातून अर्ध्या-पाऊण तासात 'ग्रीन लॉख' येतं. हिरवंगार, तळ दिसणारं छोटं तळं. पऱ्या इथे कपडे धुतात म्हणून पाणी हिरवं, असं गावातले सांगतात. आई-बाबा इथवर आरामात येतील आणि इथूनच मागे फिरतील. पुढे रायव्होनची दगडी झोपडी लागते. अशा झोपड्यांना इथे बॉथी म्हणतात: कुलूप नाही, भाडं नाही, वीज-पाणी नाही, स्वयंसेवक डागडुजी करतात, कुणीही थांबावं. तिथे डबा खा. मग दगडी पायऱ्यांचा सरळ चढ, आणि माथ्यावर दगडांचं गोल कडं, वाऱ्याला पाठ देऊन बसायला. समोर केअरनगॉर्मच्या 'कोरी' दऱ्या एका रांगेत दिसतात, जे केअरनगॉर्मवर उभं राहून दिसत नाही. उतरताना दुसऱ्या वाटेने थेट ग्लेनमोर. फेरी नऊएक किलोमीटर, चढ पाचशे मीटरच्या जवळ.

वेळ काढायला इथे नेस्मिथचा हिशेब वापरतात. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला: पाच किलोमीटरला एक तास, वर दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. यात थांबे धरलेले नाहीत आणि लेकरंही नाहीत. कागदावर तीन तासांच्या आत येणाऱ्या या फेरीला चार-साडेचार द्या.

बेन मॅकडुई (१३०९ मीटर, ब्रिटनमधलं दुसऱ्या क्रमांकाचं शिखर) तुम्हा दोघांच्या मनात असणारच. वाहनतळापासून जाऊन-येऊन सतरा-अठरा किलोमीटर, त्यातला बराचसा भाग त्या पठारावरून. आई-बाबा नातीला सांभाळणार असतील, अंदाज निर्मळ असेल आणि ढगात नकाशा-होकायंत्रावर चालता येत असेल तर जा. तिसरी अट बहुतेकांची गळते. आपल्याकडे वाट चुकली तर पाड्यावरचा कुणीतरी भेटतो, निदान गुरांची वाट तरी सापडते. इथे कुणी भेटत नाही. मोबाइलवरचा ट्रॅक थंडीत बॅटरी बसेपर्यंतच साथ देतो. त्या एका दिवसापुरता माउंटन लीडरची पात्रता असलेला वाटाड्या घ्या. ग्लेनमोर लॉज हे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्रही इथेच आहे, तिथे एक-दोन दिवसांचे नकाशावाचनाचे वर्गही असतात. माझ्या मते मॅकडुईपेक्षा तो वर्ग जास्त कामाचा.

सायकली विसरू नका. एव्हिमोर ते ग्लेनमोर रस्त्यापासून वेगळी वाट आहे, ओल्ड लॉगिंग वे, नऊएक किलोमीटर, जंगलातून. जाताना किंचित चढ, येताना पोरं पॅडल न मारता येतात. गावात भाड्याच्या सायकली मिळतात, विजेवर चालणाऱ्याही.

बाबांचा गळ. स्पे ही सामन (सॅल्मन) माशासाठी जगात नावाजलेली नदी आहे, पण तिच्यात काठावर बसून गळ सोडला असं चालत नाही. मासेमारीचा हक्क नदीच्या त्या त्या पट्ट्याच्या मालकाचा, परवाना विकत घ्यावा लागतो आणि रविवारी सामन धरायला कायद्याने बंदी आहे. हौसेखातर आलेल्यांनी मासे सोडलेल्या तळ्यावर जावं. रॉथीमर्कस इस्टेटमध्ये ट्राउटची अशी तळी आहेत, काठी आणि शिकवणारा दोन्ही मिळतं. गरी, गांडूळ घरून आणू नका. परदेशातलं ओलसर सामान इथल्या पाण्यात रोग आणतं, याबाबत लोक फार कडक आहेत.

कुठे जावं, कुठे जाऊ नये याबद्दल. २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने स्कॉटलंडमध्ये जवळजवळ सगळ्या जमिनीवर आणि तळ्या-नद्यांवर चालण्या-वल्हवण्याचा हक्क सगळ्यांना आहे, पाहुण्यांनाही. जमीन खाजगी असली तरी. घराभोवतीची बाग, उभं पीक, शाळेचं आवार वगैरे सोडून. हा हक्क नीट वागण्याच्या अटीवर आहे: फाटक उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद ठेवा. मेमध्ये मेंढ्यांची कोकरं लहान असतात, गाईंसोबत वासरं असतात. फोटोसाठी त्यांच्या मध्ये शिरू नका, वासराची आई माणसाला तुडवते. जंगलात पायवाट सोडू नका, कारण एप्रिल-मे हा कॅपरकेलीच्या विणीचा काळ. टर्कीएवढा हा रानकोंबडा ब्रिटनमध्ये आता काही शेकड्यांवर आलाय आणि तो मुख्यतः याच खोऱ्यात उरलाय. आग तर नकोच. २०२५ च्या जूनअखेरीस इथून उत्तरेला कारब्रिज आणि डावा मूर भागात वणवा लागून कित्येक दिवस डोंगर जळत होता. जमीन पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांची, ती आतून धुमसत राहते. चहा हवा तर थर्मास भरून न्या.

कपड्यांबाबत दोनच गोष्टी आग्रहाने. जीन्स आणि सुती टी-शर्ट डोंगरावर नको, भिजले की वाळत नाहीत आणि अंगातली ऊब ओढून घेतात. आणि पावसाळी जॅकेटबरोबर पावसाळी पॅंटही हवी. प्लास्टिकचे पोंचो आणि छत्र्या इथला वारा पहिल्या दहा मिनिटांत निकालात काढतो. मे असला तरी कानटोपी आणि हातमोजे पिशवीत असू द्या. बूट घरचे, पायाला सवयीचे. बाकी पुण्यात महागडी खरेदी करू नका, एव्हिमोरच्या मुख्य रस्त्यावर दर तिसरं दुकान याच सामानाचं आहे.

मिज नावाच्या चिलटांबद्दल ऐकलं असेल. मेअखेर त्यांची नुसती सुरुवात असते, खरा कहर जून ते ऑगस्ट. वारा पडलेली, दमट संध्याकाळ त्यांची. झुळूक सुटली की उडता येत नाही. म्हणून डब्यासाठी आडोसा शोधायची आपली सवय इथे उलटी करायची, वाऱ्यावर बसायचं. डोक्यावर ओढायची जाळी दोन-चार पौंडांत मिळते, फोटोत वाईट दिसते, घ्याच. मिज नुसते छळतात, काळजी घ्यायची ती गोचिडीची. हेदर आणि नेच्यांतून अंगावर चढते, तिच्यातून लाइम रोग होऊ शकतो. रोज संध्याकाळी अंघोळीच्या वेळी गुडघ्यामागे, काखेत, जांघेत, मुलीच्या केसांच्या कडेला बघा. काढायचा छोटा आकडा औषधाच्या दुकानात मिळतो. तेल, काडी असले उपाय नकोत. चावल्यानंतर काही आठवड्यांत पसरत जाणारा लाल चट्टा किंवा ताप आला तर पुण्याच्या डॉक्टरांना गोचिडीचा उल्लेख आवर्जून करा, कारण तिथे हे चटकन सुचणार नाही.

डब्यात चिक्की, भडंग, कोरडी चटणी उत्तम. पेढे, बर्फी, तूप आणू नका, भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. शाकाहारी जेवण गावात सहज मिळतं, पण स्वयंपाकघरं रात्री साडेआठ-नऊला बंद होतात. बाहेर उजेड असतो, वेळ लक्षात राहत नाही, आणि मग चिप्सवर झोपावं लागतं.

अडचण आली तर ९९९ लावून आधी पोलीस मागा, मग माउंटन रेस्क्यू सांगा. इथली पथकं स्वयंसेवकांची असतात, पैसे घेत नाहीत. रेंज बऱ्याच दऱ्यांत नसते, तेव्हा निघताना वाट आणि परतायची वेळ मुक्कामी असलेल्या आई-बाबांना लिहून द्या.

यायला एडिंबराहून थेट रेल्वे आहे, सुमारे तीन तास. पाचजणांना इथे गाडी असलेली बरी. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून. एकेरी रस्त्यांवर समोरच्याला वाट देण्यासाठी जागोजाग फुगवटे केलेले असतात, तिथे गाडी लावून फोटो काढायचे नाहीत. तिन्हीसांजेला हरणं रस्त्यावर येतात, वेग कमी.

दिवसांना वार चिकटवू नका. वारा आणि ढग दोन्ही नसलेला पहिला दिवस डोंगराला, वारा पडलेला पण ढगाळ दिवस लॉख मॉर्लिखवर कनूला, वाऱ्याचा कोरडा दिवस लॉख अन एलन आणि सायकलींना. दिवसभर पाऊस लागला तर एव्हिमोर स्थानकातूनच सुटणारी वाफेच्या इंजिनाची गाडी पकडा. १९६५ मध्ये बंद पडलेला हा फाटा हौशी लोकांनी १९७८ मध्ये पुन्हा चालू केला. पावसातच जायचं तर किंक्रेगचं वन्यजीव उद्यानही आहे. तिथे ध्रुवीय अस्वलं आहेत, आणि जंगलात सोडण्यासाठी स्कॉटिश रानमांजरं वाढवतात. ती मांजरं पाहुण्यांना दिसत नाहीत, पण २०२३ पासून याच राष्ट्रीय उद्यानात त्यांना मोकळं सोडलं जातंय. रेनडिअर, आगगाडी आणि गाडीभाडं आता आरक्षित करून टाका. वाटाड्या घेणार असाल तर त्याला दोन पर्यायी दिवस सांगून ठेवा. आम्हा लोकांना त्याची सवय असते.